‘हे मला माहीत नव्हते’ म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कोठे लिहायचे नाही ही तुमची अट मी पाळते आहे, परंतु जाहीर पत्र लिहू नकोस असे तुम्ही म्हटले नव्हते, म्हणून हे धाडस. गेल्या आठवड्यात माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणातील एका आलेखावर बोट ठेवून ‘हे सुचले कसे?’ असे विचारले, आणि उत्तर द्यायला तोंड उघडले तर शब्दच फुटेना. घरी आल्यावरही तो आलेख उघडला की घसा दाटून येतो. तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

जानेवारी २०२० मध्ये रत्नागिरीच्या त्या दहा दिवसांच्या कार्यशाळेला मी आले, तेव्हा गणित सोडून बी.एड. करावे असे माझ्या मनाने जवळजवळ घेतले होते. त्याआधी ज्यांच्या हाताखाली मी काम करीत होते, त्यांनी मला लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णसंख्येवर साथरोगांचे नेहमीचे तीन कप्प्यांचे मॉडेल बसवायला सांगितले होते: आजार होऊ शकेल असे लोक, आजारी लोक आणि बरे झालेले लोक. मी राजापूर तालुक्यातल्या भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. लेप्टोचे जिवाणू उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात उतरतात आणि लावणी करणाऱ्याच्या पायावरच्या जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतात, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होतच नाही. मग समीकरणात निरोगी आणि आजारी माणसांच्या संख्यांचा गुणाकार कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा ‘वक्र बसतो आहे ना? मग झाले तर,’ एवढेच उत्तर मिळाले. कोकणातल्या मुर्डी गावचे परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वर, म्हणजे सीनियर रँग्लर, आले, म्हणजे गणित हे कोकणच्या मातीतच आहे, असे भाषण हेच मार्गदर्शक दरवर्षी गणित दिनाला करीत असत. त्या मातीचा चिखल ज्याच्या पायाला लागलेला आहे, त्याने प्रश्न विचारलेला मात्र त्यांना खपत नसे.

तुम्ही पहिल्याच दिवशी नेमका तोच प्रश्न फळ्यावर मांडलात. ते तीन कप्प्यांचे मॉडेल ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या करमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधातला तो प्रसिद्ध वक्र तुम्ही काढलात. तो मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधील साप्ताहिक मृत्यूंवर बसवलेला आहे हे मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. प्लेग म्हणजे उंदीर, पिसवा आणि ऋतुमान. आणि सूत्र मात्र असे, की जणू सारे काही वर्षभर एकसारखेच चालते. आपली गृहीतके काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, हेही तुम्ही सांगितलेत. वक्र बसणे आणि कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या तासाला पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने सांगितले. मला रडू आले होते. तुम्ही पाहिले नसावे.

पण मला आभार मानायचे आहेत ते चौथ्या दिवशीच्या दुपारचे.

तालुक्याच्या रुग्णालयातल्या, नावे वगळलेल्या नोंदींवरून काढलेला माझा आलेख तुम्ही पाहत होतात. २०१७, २०१८ आणि २०१९ या तिन्ही वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक खड्डा पडत होता आणि लगेच पुढच्या आठवड्यात रुग्णसंख्या उसळत होती. खड्डा दर वर्षी वेगळ्या आठवड्यात येत असल्यामुळे आधीच्या मार्गदर्शकांनी तो ‘कचरा’ ठरवून वगळायला लावला होता. तुम्ही खड्ड्यावर पेन्सिल ठेवून विचारलेत, ‘या आठवड्यात तुमच्या गावात काय असते गं?’ मी तारखा पाहिल्या, आणि स्वतःशी बोलावे तसे म्हणाले, ‘गणपती.’ चतुर्थी २०१७ साली २५ ऑगस्टला होती, २०१८ साली १३ सप्टेंबरला, २०१९ साली २ सप्टेंबरला. घरात गणपती असताना, मुंबईचे चाकरमानी आलेले असताना, अंगात ताप असला तरी आमच्याकडे कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. विसर्जन झाले की मग जातात.

यावर तुम्ही ‘शाब्बास’ म्हणाला नाहीत. तुम्ही पिशवीतून तुमची स्वतःची वही काढलीत, तारीख घातलीत, माझे पूर्ण नाव विचारून लिहिलेत आणि त्याखाली मी म्हटले ते माझ्याच शब्दांत उतरवून घेतलेत. मग मान वर करून म्हणालात, ‘हे मला माहीत नव्हते.’ तोपर्यंत माझे बोलणे कोणी लिहून घेतले नव्हते. मीच इतरांचे लिहून घेत आले होते.

पुढचे सारे त्या पानातून आले. आजार वेगळा आणि आजाराची नोंद वेगळी, हे मानून मी मॉडेलचे दोन थर केले: खाली उंदीर, पाणी आणि माणूस यांची समीकरणे, आणि वर रुग्णालयात पोहोचायला लागणारा उशीर, जो पंचांगाप्रमाणे मागेपुढे सरकतो. मार्गदर्शक कसे बदलले आणि त्यासाठी किती अर्ज केले, ते येथे सांगत बसत नाही. कार्यशाळेनंतर दोनच महिन्यांत कोविड आला आणि वाहिन्यांवर रोज वक्र दिसू लागले. रविवारच्या सुट्टीमुळे सोमवारी आकडे घटले की लोकांना हायसे वाटे आणि नंतर वाढले की धसका बसे. मला मात्र दर वेळी तुमची पेन्सिल आठवे.

विद्वान माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. विद्यार्थ्यासमोर ‘माहीत नव्हते’ म्हणताना ज्यांचा आवाज खाली जात नाही, अशी फार थोडी पाहिली. हा सभ्यपणा कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात मला ठाऊक नाही, पण रुग्णांच्या आकड्यांवर काम करणाऱ्याला तो समीकरणांच्या आधी शिकवायला हवा, असे माझे मत झाले आहे.

यंदा गणपतीला आमच्याकडे या. एसटीचे आरक्षण मात्र आधीच करून ठेवा. बाबांनी प्रबंधातली चित्रे लक्षपूर्वक पाहिली आणि ‘खालच्या थरातले हे उंदीर मोजले कोणी?’ असे विचारले. ते थेट मोजता येत नाहीत, अंदाजावरच घ्यावे लागतात, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. त्यांचे समाधान झालेले नाही. ते तुम्हालाच विचारणार आहेत.

तुमची विद्यार्थिनी