टीव्ही बदलण्याआधी फाइल तपासा

संपादक महोदय,

उत्सवातल्या जुन्या नाटकाचे, कॅसेटवरून फाइल करून घेतलेले चित्रण लॅपटॉपवरून टीव्हीवर लावले आणि शिवाजीने तलवार उगारताच त्याच्या हाताला फणीसारखे दात फुटले, तर कृपा करून नवा टीव्ही घेऊ नका. गणपतीची चवथ तोंडावर आली आहे, मुंबई-पुण्याची मंडळी घरी उतरतील, लॅपटॉप टीव्हीला जोडले जातील. आणि ‘टीव्ही जुना झाला’ हे निदान करायला आमच्या माशेलात कोणी ना कोणी तयारच असतो. भावाकडे आलेल्या दुरुस्तीवाल्याने ते उंबऱ्यावरूनच केले.

मी निवृत्त गणित शिक्षिका. टीव्ही खोलता येत नाही, पण पंचवीस दुणे पन्नास येते आणि या दुखण्याचे मूळ तेवढ्याच हिशेबात आहे. आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेटी पाल पद्धतीच्या. सेकंदाला 25 चित्रे आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत: आधी एकाआड एक ओळी, 1/50 सेकंदाने उरलेल्या. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे अर्धे एकामागून एक उमटत, म्हणून कोणाला काही खटकले नाही. संगणक मात्र दोन्ही अर्धे एकाच चित्रात गुंफून दाखवतो. उभ्या नटाला काही होत नाही. हललेल्याच्या कडा दातेरी होतात. लॅपटॉप टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीला हे गुंफलेले चित्रच मिळते, मग तो बिचारा काय सुधारणार?

खात्री करायची असेल तर तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लावा. टीव्हीत हे अर्धे सोडवायची सोय मुळातच असते. तिथे चित्र स्वच्छ आले तर टीव्ही चांगला, फाइलही चांगली; दुखणे लॅपटॉपवरच्या प्लेअरचे. व्हीएलसी या प्लेअरच्या व्हिडिओ मेनूत ‘डीइंटरलेस’, म्हणजे गुंफलेले अर्धे सोडवणे, आहे, तो चालू करून मोड ‘बॉब’ ठेवा. मग अर्धे सुटे होऊन सेकंदाला 50 चित्रे मिळतात आणि गिरकी गिरकीसारखी दिसते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट (पडद्यावर सेकंदाला किती वेळा चित्र उमटते तो आकडा) 60 ऐवजी 50 हर्ट्झ मिळत असेल तर तोही करून घ्या. साठांत पन्नास बसवताना दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागते. कॅमेरा रंगमंचावरून सरकताना बारीक हिसके बसतात ते त्यामुळे.

आवाज लॅपटॉपमधूनच येतो ही तक्रार किरकोळ: स्पीकरच्या चिन्हावरून टीव्ही निवडायचा. (जुन्या व्हीजीए वायरीने जोडले असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही.) मला चीड येते ती कडा कापल्या जाण्याची. चित्र किंचित फुगवून दाखवायचे ही टीव्हीची ट्यूबच्या काळातली खोड, अजून गेलेली नाही. संगीत नाटकात आमचे ऑर्गनवाले रंगमंचाखाली, म्हणजे चित्राच्या अगदी तळाशी. त्यामुळे ऑर्गनवरची बोटे जातात, टक्कल तेवढे राहते. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’ असे काहीतरी असते, ते लावले की बोटे परत येतात.

हे सगळे घरी सुटते. न सुटणारेही एक प्रकरण आहे आणि हे पत्र त्यासाठीच. कॅसेटची फाइल करून देणाऱ्या एका दुकानाने आमच्या मंडळाचे नाटक ‘मोबाइलवर चालावे’ म्हणून 480 ओळींचे करून दिले. मूळच्या ओळी 576. त्या कमी करताना दोन अर्ध्यांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या. आता ते दात चित्रातच मुरले आहेत, कुठलाही डीइंटरलेस त्यांना काढू शकत नाही. शिवाय रुंदी-उंची 4:3 असलेले चित्र ताणून 16:9 केलेले, त्यामुळे सडपातळ अभिमन्यूचा पहिलवान झाला. तो निदान व्हीएलसीत ‘ए’ हे बटण दाबत गेल्यावर पूर्ववत होतो.

गावकऱ्यांनी देवळाच्या उत्सवात स्वतः नाटक उभे करायचे, ही गोव्याची रीत. यातल्या कितीतरी प्रयोगांची एखादी कॅसेट सोडली तर दुसरी खूण नाही, आणि आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. म्हणून फाइल करून देणाऱ्यांना विनंती, की 576 ओळी, सेकंदाला 25 चित्रे, अर्धे जसेच्या तसे, अशी एक मूळ फाइल द्या आणि बिलावर तसे लिहा. मोबाइलसाठी हवी तर वेगळी करा. मंडळांनीही फाइल टीव्हीवर लावून पाहिल्याशिवाय कॅसेट टाकून देऊ नये.

आमची कॅसेट दुकानातून परत आणली आहे. फोंडा परिसरात कोणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल, तर मंडळाला तो थोड्या दिवसांसाठी हवा आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, माशेल, गोवा