पाचवी माळ, 28 साखर आणि एक बाटली : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : साखर एकदम उतरलेल्या पेशंटसाठी ग्रामीण रुग्णालयात ग्लुकोजची बाटली व तपासणीच्या पट्ट्या ठेवणेबाबत.

महोदय,

सविनय सादर की, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाईप करतो. 'सविनय सादर', 'कृपावंत होऊन', 'आपला आज्ञाधारक' हे सगळं डोळे मिटून येतं. आजचा अर्ज माझा स्वतःचा आहे, त्यामुळं पुढच्या ओळींत ते कितपत टिकेल, सांगता येत नाही.

माझी माय 66 वर्षांची. साखरेच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पुडीवर पेनानं लिहिलेलं 'सकाळी 1, रात्री 1'. उपवास असेल तर काय करायचं, हे पुडीवरही नाही आणि कुणाच्या तोंडातही नाही. मायनं नवरात्राचे नऊ दिवस धरले. दिवसभरात एक केळ आणि चहा. चहा बिनसाखरेचा, कारण साखर बंद सांगितलेली. गोळ्या न चुकता, कारण चुकवू नका सांगितलेलं. तुमच्या खात्याचं इतकं ऐकणारा पेशंट दुसरा सापडायचा नाही.

पाचव्या माळेला पहाटे तीनच्या सुमारास ती घटापुढं बसून डोलायला लागली. अंगाला दरदरून घाम, लुगडं भिजलेलं, बोलणं तुटक, कुणालाच ओळखेना. शेजारच्या काकूंनी हळदी-कुंकू लावलं, म्हणाल्या, आई अंगात आली. सगळे पाया पडले. मीही पडलो, साहेब. जवळपास पाऊण तास आम्ही साखर उतरलेल्या म्हातारीच्या पाया पडत होतो. तेव्हाच तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजली असती आणि पंधरा मिनिटांनी गुण नाही म्हणून परत पाजली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. शुद्ध गेल्यावर कुणीतरी साखरपाणी तोंडात ओतलं, ते नाकातून बाहेर आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, श्वासनळीत जातं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

मग तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या एकट्या सिस्टरला नोटीस निघेल आणि तुमची कारवाई संपेल. साखर तपासायचं मशीन होतं, पट्ट्या संपलेल्या. 25 टक्के ग्लुकोजची बाटली नव्हती. भिंतीवर मात्र 14 नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाचा फ्लेक्स, गेल्या सालचा. त्यावर साखर उतरल्याचं एकही लक्षण नाही. फोटो सतरा. मोजायला मला भरपूर वेळ होता.

सिस्टरनं हाताशी होती ती 5 टक्क्यांची सलाईन लावली. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं. 100 मिलीच्या 25 टक्क्यांच्या बाटलीतही 25 ग्रॅमच. हिशेब सारखा, पण एक काही मिनिटांत शिरेत जाते आणि दुसरी थेंब थेंब टपकत बसते. मेंदू थेंबांची वाट बघत नाही. मग ठरलेलं वाक्य आलं, 'जिल्ह्याला न्या.' भाड्याची जीप, 64 किलोमीटर, त्यातले वीस खड्ड्यांचे.

तिथं तपासली तर साखर 28. सत्तरच्या खाली कमी धरतात, 54 च्या खाली धोका. पंचवीसच्या बाटल्या शिरेतून दिल्या. दहाएक मिनिटांत मायनं डोळे उघडले आणि विचारलं, "घटाला पाणी घातलं का रे?"

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. किडनी थकलेली असली की ग्लिमेपिराइडची गोळी अंगात रेंगाळते आणि साखर परत उतरते, म्हणाले. सहा वर्षांत किडनीची तपासणी एकदाही कुणी सांगितली नव्हती. आज माय घरी आहे. नातीला हाक मारताना थांबते, नाव शोधते, मग 'ए पोरी' म्हणते.

मेडिकलवाला म्हणतो, ती बाटली पन्नास रुपयांच्या आत येते. पन्नास! सप्टेंबर 2023 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं आणि मराठवाड्याला 45 हजार कोटींच्या वरचं पॅकेज जाहीर झालं. एवढ्या शून्यांत आमच्या बाटलीचा एक पाचावरचा शून्य कुठं सांडला, ते शोधायला समिती नेमा. समित्यांची आम्हाला सवय आहे. दांडेकर समितीनं 1984 ला विकासाचा अनुशेष मोजून दिला, वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि 17 सप्टेंबरला झेंडा मात्र दरसाल वेळेवर. निजामाकडून सुटलो 1948 ला. तालुक्याच्या सलाईनमधून कधी सुटणार?

आणखी एक. उतरलेली साखर वर चढवणारं ग्लुकागॉन नावाचं इंजेक्शन असतं. 1 मिलिग्रॅम, दंडात किंवा मांडीत, शीर शोधायची गरज नाही, घरचं माणूसही देऊ शकतं. शोध 1923 चा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अमेरिकेत 2019 पासून नाकात मारायची पावडरही मिळते. आमच्या गावातल्या पाच मेडिकलांत विचारलं. चौघांनी 'ग्लुकॉन-डी का?' म्हणून डबा पुढं केला, पाचव्यानं मोबाईल काढून स्पेलिंग विचारलं.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2023 च्या अभ्यासात देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही निघाले. माझा सर्व्हे छोटा आहे : आमच्या गल्लीत 22 घरं, त्यातल्या 9 घरांत साखरेची पुडी. आषाढी, चातुर्मास, नवरात्र, रमजान, गोळी खाऊन उपाशी राहणारी माणसं आमच्याकडं बारा महिने आहेत. तर पुडीवर एक ओळ छापा : न जेवता ही गोळी घेऊ नका, उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. आशाताईला पट्ट्या द्या. बाटली रुग्णालयाच्या कपाटात आणि रुग्णवाहिकेतही ठेवा, आणि कपाटाची चावी ड्युटीवर असलेल्या माणसाकडं ठेवा. ग्लुकागॉनचं जमलं तर बघा.

सोबत जोडपत्रे : 1) डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स. 2) गोळ्यांच्या पुडीची झेरॉक्स, 'सकाळी 1, रात्री 1' स्पष्ट दिसेल अशी. 3) जीपच्या भाड्याची पावती नाही, ड्रायव्हरनं पैसे घेतले नाहीत.

अर्जाची पोच मिळावी.

आपला,
(आज्ञाधारक खोडले आहे)
एक ई-सेवा केंद्रवाला