बाबा, ती गोळी तूर्त थांबवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, तू हळूच सांगितलंस म्हणून कळलं. बाबा, आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रोज ॲस्पिरिन घेतली की रोग परतत नाही, असं ग्रुपवर कुणीतरी पाठवलं म्हणून तुम्ही डॉक्टरांना न विचारता रोज ॲस्पिरिन घेताय! हृदयासाठीसुद्धा ती तुम्हाला कुणी लिहून दिलेली नाही. तो मेसेज निव्वळ थाप असता तर बरं झालं असतं. त्यात अर्धं खरं आहे.

रेल्वेच्या सिग्नल केबिनमधल्या गोष्टी सांगताना तुम्ही म्हणायचात, सिग्नल बिघडला तर तो लालच पडला पाहिजे. आतड्याच्या पेशीत नेमकं उलटं होतं. एपीसी नावाचं प्रथिन बीटा-कॅटेनिनला सतत मोडीत काढत असतं. एपीसीचं जनुक बिघडलं की बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि पेशीला वाढायला सांगत राहतं. बिघडला की हिरवाच! त्यात गाठीतलं कॉक्स-२ एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करतं. गुडघा सुजल्यावर ठणका लावणारं तेच हे. ते बीटा-कॅटेनिनला आणखी मोकळीक देतं, शिवाय पीआय३के नावाची दुसरी साखळीही हलवतं. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं.

पण सगळ्यांच्या गाठी सारख्या नसतात. स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या अलास्का चाचणीत (२०२५) ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांच्या गाठीत पीआय३के साखळीतच बिघाड होता, त्यांनाच निवडलं. रोज १६० मिलिग्रॅम, तीन वर्षं. रोग परतण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हे तुमच्या ग्रुपवर आलं असेल. ॲस्प्री चाचणी मात्र आली नसेल. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९,११४ धडधाकट वृद्धांवरची, बहुतेक सत्तरीपुढचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. तिथे रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत रक्तस्राव वाढला आणि कर्करोगाने मृत्यूही थोडे जास्तच झाले.

म्हणून आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, लॅबमध्ये आहे, त्यावर पीआयके३सीए हे पीआय३के साखळीतलं जनुक तपासून घ्यायचं का? बिघाड निघाला आणि ते हो म्हणाले, तर गोळी मीच आणून देईन. आणि शौचाला काळं होतंय का, हे लाज न बाळगता आजच सांगा; ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. तुम्हाला अल्सर होऊन गेलाय, विसरू नका.

आई, तोवर ती गोळ्यांची पट्टी मसाल्याच्या डब्यामागे ठेव. तिथे बाबांचा हात कधी पोचत नाही.

तुमची,
छकुली