पॅकेजची मुदत ९० दिवस करा

महोदय,

आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे एका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक दरात, घरी सोडल्यानंतरचे फक्त १५ दिवस धरलेले असतात. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला ही मुदत फारच तोकडी आहे. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, पण गुडघा ९० अंशांपलीकडे वाकावा म्हणून व्यायाम पुढे सहा ते बारा आठवडे लागतो. खोलवरचा जंतुसंसर्ग तर महिन्यानंतरही डोके वर काढतो. फिजिओथेरपी परवडली नाही की गुडघा आखडतो आणि उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते.

अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने एप्रिल २०१६ पासून निवडक भागांत गुडघा व खुबा बदलल्यानंतरच्या ९० दिवसांच्या खर्चाची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली. आपणही दरात फिजिओथेरपी धरावी, दहा टक्के रक्कम राखून ठेवावी आणि नव्वदाव्या दिवशी गुडघा किती वाकतो, जखम नीट भरली का, हे तपासूनच ती द्यावी. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांसाठी दर जास्त हवा, नाहीतर रुग्णालये त्यांनाच टाळतील. उरलेली नव्वद टक्के रक्कम मात्र वेळेवर मिळालीच पाहिजे. बिले थकली तर ही अट कोणीही मान्य करणार नाही.

– एक वाचक, पुणे