झेरॉक्सवाल्या दादास, एका भूगोलाच्या बाईंकडून

प्रिय दादा,

पत्राच्या सुरुवातीला स. न. वि. वि. लिहिणार होते, पण तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, तेव्हा अनेक आशीर्वाद. दुकानात येणारं सगळं गिऱ्हाईक तुला दादा म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. त्या दिवशी आभार नीट मानायचे राहिले. नंतर व्हॉट्सॲपवर मानले, तर तू हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळा झालास. म्हणून हे जाहीर पत्र.

झालं होतं ते असं. मी साताऱ्यात नववीला भूगोल शिकवते. २१ जूनचा दिवस सर्वांत मोठा, हे इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, मोठा म्हणजे किती मोठा? आणि रोज सारखाच वाढतो का?" म्हटलं, ३६५ दिवसांचा आलेखच काढून दाखवते. सूत्र मला ठाऊक होतं. आधी त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते काढायचं: २३.४५ गुणिले साइन, आणि साइनच्या कंसात ३६० भागिले ३६५, गुणिले '२८४ अधिक दिवसाचा क्रमांक' ही बेरीज. मग अक्षांशाचा टॅन गुणिले क्रांतीचा टॅन, त्याला उणे चिन्ह, त्याचा व्यस्त कोसाइन. येईल त्या कोनाची दुप्पट करून १५ ने भागलं की दिवस किती तासांचा ते कळतं. कागदावर २१ जूनचं गणित करून पाहिलं होतं, बरोबर आलं होतं. एक्सेलमध्ये तेच टाकलं आणि दोन रात्री डोकं धरून बसले.

क्रांतीचे आकडे उणे साडेतेवीस ते अधिक साडेतेवीस यांच्यातच येत होते, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा. आणि दिवसाच्या तासांच्या रकान्यात जागोजागी हॅश-नम नावाची चूक, म्हणजे 'हे गणित होत नाही' असं एक्सेलचं सांगणं. मला वाटलं, शाळेचा लॅपटॉपच बिघडलाय, निदान छापून तर बघू. म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन तुझ्याकडे आले. दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी रांग लागली होती. तू फाइल उघडलीस, प्रिंट द्यायच्या आधी थांबलास आणि म्हणालास, "मॅडम, ह्यात वर्षाला पन्नासेक उन्हाळे येतायत. असंच छापू?"

दुसरा कुणी असता तर दहा रुपये घेऊन रंगीत छापून मोकळा झाला असता.

मग तू जे केलंस ते मला फार आवडलं. माझ्या सूत्राला हातच लावला नाहीस. बाजूच्या एका रिकाम्या सेलमध्ये नुसतं साइन आणि कंसात ३० लिहिलंस, एंटर दाबलंस आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीस. "साइन ३० किती असतो, मॅडम?" मी म्हटलं, अर्धा. स्क्रीनवर होतं उणे ०.९८८. मला घामच फुटला. तू शांतपणे त्याच सेलमध्ये ३० भोवती 'रेडियन्स' आणि कंस घातलास. आला ०.५.

एक्सेलला अंश कळतच नाहीत, तो कोन नेहमी रेडियनमध्येच (कोनाचं दुसरं माप, एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश) धरतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर झेरॉक्सच्या दुकानात कळलं. माझा कोन रोज अंशापेक्षा जरासाच कमी वाढत होता, आणि एक्सेल ती वाढ तितक्याच रेडियनची समजत होता. म्हणजे दर सहा-साडेसहा दिवसांनी एक वर्ष पुरं. नंतर घरी हिशेब केला, तर ३६५ दिवसांत सत्तावन्न फेऱ्या होतात. तुझा पन्नासचा अंदाज काही वाईट नव्हता.

तुला एवढ्या झटकन कसं कळलं, असं विचारलं तेव्हा हसून म्हणालास, डिप्लोमाला सर्व्हेइंगच्या पेपरात कॅल्क्युलेटर रॅडवर राहिला होता, वरच्या कोपऱ्यातल्या बारीक 'आर'कडे लक्षच गेलं नाही, आख्खा प्रश्न वाया गेला. त्या पेपरचं तुला वाईट वाटत असेल, पण माझं मात्र भलं झालं.

पुढचं तर आठवलं की अजून हसू येतं. साइन, टॅन सगळीकडे रेडियन्स घातले आणि उत्तर आलं: २१ जूनचा दिवस ०.२३ तासांचा. जेमतेम चौदा मिनिटं! मागचे काका म्हणाले, "ह्यात दूध तरी तापेल का?" तू कपाळावर हात मारलास. व्यस्त कोसाइन उत्तर देतानाही रेडियनमध्येच देतो, त्याला बाहेरून 'डिग्रीज' घालायला लागतं. जाताना एक वेश, येताना दुसरा.

तरीही एक राहिलंच होतं. १ जानेवारी १०.९६ तास, अगदी बरोबर. २ जानेवारीपासून थेट ३१ डिसेंबरपर्यंत सगळे दिवस बरोब्बर १२ तासांचे. साताऱ्याचा अक्षांश १७.६८ आधी सूत्रातच लिहिलेला होता; 'डिग्रीज' घालताना मी तो ई-१ सेलमध्ये काढून ठेवला आणि सूत्र पुन्हा खाली ओढलं. सूत्र एकेक ओळ खाली गेलं तसा त्यातला ई-१ सुद्धा ई-२, ई-३ होत गेला, आणि ते सेल रिकामे. रिकामा म्हणजे शून्य. शून्य अक्षांश म्हणजे विषुववृत्त, तिथे हे सूत्र बारमाही बाराच तास देणार. हे मात्र मीच ओळखलं बरं का! एक्सेल नाही, पण भूगोल येतो मला. तू ई आणि १ च्या आधी डॉलरचं चिन्ह टाकून तो सेल जागेवर खिळवलास आणि आलेख एकदम डोंगराच्या उतारासारखा देखणा झाला. जूनमध्ये तेरा तास चार मिनिटं, डिसेंबरमध्ये दहा तास छप्पन्न.

घरी जाऊन मोबाइलच्या हवामानाशी ताडून पाहिलं, तर तिथला दिवस सात-आठ मिनिटांनी मोठा. आता मात्र तुला फोन केला नाही. आपण सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसली की उगवला म्हणतो, सूत्र मध्यबिंदू धरतं. शिवाय हवेमुळे किरण वाकतात आणि सूर्य खरं तर क्षितिजाखाली असतानाच दिसतो. दोन्ही मिळून ०.८३ अंश. तेवढे सूत्रात धरले आणि जूनचा दिवस तेरा तास अकरा मिनिटांवर आला. ह्या वेळी 'रेडियन्स' विसरले नाही.

त्या रात्री आणखी एक आठवलं. आर्यभटाने 'ज्या'चं, म्हणजे आपल्या साइनचं, कोष्टक दिलं त्यात त्रिज्या ३४३८ धरली आहे. हा आकडा असा विचित्र का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. एका रेडियनमध्ये कला (अंशाचा साठावा भाग) किती, तर जवळजवळ ३४३८! म्हणजे ज्या रेडियनवर मी दोन रात्री चिडले होते, त्याचं माप आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच वापरात होतं. मी आपली एक्सेलला शिव्या देत बसले.

आलेख आता वर्गात लावलाय. त्या मुलीला उत्तर मिळालं: मार्चमध्ये दिवस रोज साधारण एका मिनिटाने वाढतो, जूनच्या मध्याला जवळजवळ थांबतो. लगेच एका पोराने लॅपटॉपवर ई-१ मध्ये ७० टाकून पाहिलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत हॅश-नमची रांग उभी राहिली. "बाई, बिघडलं!" मी म्हटलं, बिघडलं नाही रे, तिथे तेव्हा सूर्य मावळतच नाही, मग दिवस किती तासांचा ते सूत्र कुठून सांगणार? आधी मात्र रिकाम्या सेलमध्ये साइन ३० करून घेतलं, तुझ्यासारखं.

तू फक्त प्रिंटचे दहा रुपये घेतलेस. वीसची नोट दिली होती आणि तुझ्याकडे सुटे नव्हते, ते दहा रुपये अजून तुझ्याकडेच आहेत. राहू देत. पुढच्या आठवड्यात चंद्राच्या कलांचा आलेख घेऊन येतेय. दुपारी येईन, तेव्हा रांग कमी असते.

तुझी,
करवतवाली मॅडम