ताई, तुम्ही ‘नको’ म्हणालात त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

घराची किल्ली मिळाली त्या दुपारी तुम्हाला घाईघाईत आभाराचा दोन ओळींचा मेसेज पाठवला होता. तेवढ्यावर भागण्यासारखं हे नव्हतं. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आम्हाला पडलेले प्रश्न इंग्लंडमध्ये घर शोधणाऱ्या दुसऱ्या कुणा मराठी जोडप्यालाही पडत असतील.

गेल्या वर्षी गणपतीत लंडनमध्ये डॉलिस हिलला, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आपली ओळख झाली. मी मोठ्या उत्साहात सांगितलं, फ्लॅट ठरलाय, आता कागदपत्रं तेवढी उरलीत. तुम्ही सॉलिसिटर आहात, घरांच्या व्यवहारांचंच काम करता, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. लीझ किती वर्षांची उरली आहे? ग्राउंड रेंट (जमीनमालकाला दरवर्षी द्यायचं भाडं) ठरलेलं आहे की वाढत जाणारं? आणि तुम्हा दोघांपैकी कुणाच्या नावावर भारतात घर आहे का?

एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. व्यवहार सुरू होऊन सहा आठवडे झाले होते, आणि आमच्या तेव्हाच्या वकिलांनी यातलं काहीही विचारलं नव्हतं. ते एजंटनेच सुचवलेले होते. प्रत्येक मेलला वेगळ्याच माणसाचं उत्तर येई. तुम्ही म्हणालात, एजंटला वकिलाकडून रेफरल फी मिळते का ते विचार. ती घेण्यात बेकायदा काही नाही, पण तुला ते आधी सांगायला हवं. मी विचारलं. मिळत होती.

तुमच्याकडे काम द्यायचं ठरवलं तेव्हाही तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. आधी दोन-तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन आण म्हणालात. त्यात वकिलाची फी, सर्चचा (कौन्सिल वगैरेंकडून घराची माहिती काढण्याचा) खर्च, २० टक्के व्हॅट आणि लीझहोल्डचं (लीझवरच्या घराचं) जादा काम वेगवेगळं लिहिलेलं हवं. सॉलिसिटर असेल तर नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या यादीत बघ, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घर-जमिनीच्या व्यवहारांचा परवाना असलेला) असेल तर त्यांच्या कौन्सिलच्या यादीत. ती फर्म तुला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहे का विचार. आणि फाइल रोज कोण बघणार, त्या माणसाशी एकदा फोनवर बोल. मी बोलले, चार ठिकाणी. मग तुमच्याकडे आले.

त्या फ्लॅटची लीझ ७६ वर्षांची उरली होती. ७६ वर्षं म्हणजे आमचा जन्म निघून जाईल, असं मला वाटलं होतं. तुम्ही कागदावर आकडे मांडून दाखवलंत की इथे फ्लॅट घेणं म्हणजे ठरावीक वर्षं विकत घेणं, आणि ८० वर्षांच्या खाली गेलेली लीझ वाढवायची तर त्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते तिच्यातला निम्मा हिस्सा जमीनमालकाला द्यावा लागतो. २०२४ च्या नव्या कायद्यात हे काढून टाकलंय असं मी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, कायदा मंजूर झालाय, पण ते कलम अजून लागू झालेलं नाही, आणि ‘होईल’ या शब्दावर मी तुला घर घेऊ देणार नाही.

ग्राउंड रेंट वर्षाला २५० पौंड होतं आणि दर दहा वर्षांनी दुप्पट होणार होतं. पन्नास वर्षांत ते ८,००० पौंडांवर जातं, हे गणित मी तुमच्यासमोर बसून केलं. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या लीझवर ग्राउंड रेंट लावताच येत नाही. ही लीझ जुनी होती.

शिवाय स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडलेली होती. मला तर ती मोकळी जागाच सगळ्यात आवडली होती. त्या कामाला ना जमीनमालकाची परवानगी होती, ना स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र. विकणाऱ्याने इन्डेम्निटी इन्शुरन्स काढून देतो म्हणून सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, “विमा कौन्सिलच्या कारवाईचा खर्च देईल. वरचं छत तोलून धरणार नाही.” मग पुढे, “माझं ऐकशील तर हे घर नको घेऊस.”

व्यवहार पूर्ण झाला नाही तर फी नाही, असं आपलं ठरलेलं होतं. तो फ्लॅट सोडायला सांगताना तुम्ही स्वतःचे किती दिवसांचे कष्ट सोडून देत होतात, हे मला घरी जाताना ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) लक्षात आलं.

मग लंडनजवळ स्लाउचं हे छोटं टेरेस घर (भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं) मिळालं, फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं, ३,८५,००० पौंडांना. एजंटच्या हिशोबाने आम्ही पहिल्यांदा घर घेणारे, म्हणून स्टॅम्प ड्यूटी ४,२५० पौंड. तुमचा तो तिसरा प्रश्न इथे आला. नवऱ्याच्या नावावर गावच्या वाड्याचा वारसाने आलेला तिसरा हिस्सा आहे. आम्ही ते कधी घर म्हणून मोजलंच नव्हतं. जगात कुठेही घरात मालकी असेल, वारसाने आलेली असली तरी, पहिल्या घराची सवलत जाते. आणि दोघं मिळून घेताना एकाची गेली की दोघांची जाते. हिस्सा ४०,००० पौंडांचा किंवा त्याहून जास्त असता तर दुसऱ्या घराचा ५ टक्के अधिभारही बसला असता, म्हणजे वर आणखी १९,२५० पौंड. तुम्ही गावाकडून मूल्यांकन मागवलंत, ते बरंच खाली निघालं. आम्ही ९,२५० भरले. जास्त भरले, पण खरं सांगून भरले. पुढे कधी नोटीस येईल ही धास्ती नाही.

आणि बाबा. त्यांनी कराडचा प्लॉट विकून मला पैसे दिले. ते पैसे कुठून आले याचे कागद मागितल्यावर साताऱ्यात त्यांना फार लागलं. “मुलीला दिलेल्या पैशाचा जाब द्यायचा?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तुम्ही स्वतः त्यांना फोन केलात. “काका, हा तुमच्यावरचा अविश्वास नाही. पैशाचा उगम तपासला नाही तर माझं काम करण्याचं लायसन्स जाईल. आणि हे पैसे परत मागणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही, हे बँकेला तुमच्या सहीने हवंय.” बाबांनी उलट विचारलं, तीस वर्षांच्या मालकीचा सर्च काढलाय का? तुम्ही त्यांना इथल्या लँड रजिस्ट्रीचं सगळं समजावलंत, की नोंदलेल्या मालकीची हमी सरकारच देतं. चाळीस मिनिटं बोललात. दुसऱ्याच दिवशी खरेदीखत, बँकेची स्टेटमेंटं, सही केलेलं गिफ्ट लेटर, सगळं स्कॅन होऊन आलं.

एक्स्चेंजच्या (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होऊन व्यवहार पक्का होण्याच्या) आदल्या आठवड्यात तुमच्या नावाने मेल आला, खातं बदललंय म्हणून. पहिल्याच भेटीत खातेक्रमांक आणि फोन नंबर छापील कागदावर देऊन तुम्ही बजावलं होतं, असा मेल आला तर मेलमधल्या नंबरवर नको, या कागदावरच्या नंबरवर फोन कर. मी केला. तो मेल तुमचा नव्हता. दहा टक्के डिपॉझिट त्या दिवशी वाचलं. बाबांच्या प्लॉटचे पैसे होते ते.

एक्स्चेंज होईपर्यंत दोन्हीकडचं कुणीही मागे फिरू शकतं, या भीतीने मी तुम्हाला किती वेळा फोन केले! इसार देऊन शब्द पक्का करायची आपली सवय. एकदाही तुम्ही कंटाळून बोलला नाहीत.

बाबा मे महिन्यात येणार आहेत. वास्तुशांत तोवर थांबवली आहे. तुमच्यासाठी वाईची हळद बांधून ठेवली आहे म्हणे, आणि तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचं आहे. तारीख तुमच्या सोयीने ठरवू, तेवढं कळवा.

तुमची,
स्लाउची धाकटी बहीण