आधी पुवाची तपासणी, मग अँटिबायोटिक

माननीय पशुसंवर्धन मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारी पशुवैद्यक आहे. माझी मागणी एकच आहे. कुत्र्यांच्या कानातल्या पुवाची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी तपासणी, म्हणजे पुवातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे पाहणं, सरकारी प्रयोगशाळांत सर्वांना परवडेल अशा दरात व्हावी आणि तिचे निकाल एकत्र नोंदवले जावेत.

कुत्र्याचा कान फुटणं पुष्कळांना किरकोळ वाटतं. असा कुत्रा टेबलावर आला की कळतं. मान कललेली, कानाला हात लावू देत नाही, आतून हिरवट पू आणि खोलीभर दुर्गंधी. त्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे घाण आतच साचते. अॅलर्जी, कानातले माइट, अडकलेलं कुसळ किंवा पोहल्यानंतरचा ओलावा यांनी कातडी सुजली की जंतूंचं फावतं.

हे जंतू एका जातीचे नसतात, खरी गोम इथे आहे. पू काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काही मिनिटांत दिसतं: गोल जंतू, लांबट जंतू, की भुईमुगाच्या शेंगेसारखी मॅलासेझिया बुरशी. बुरशीवर अँटिबायोटिक चालतच नाही. गोल जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस असतो आणि त्याचे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे प्रकार आता अनेक देशांत सापडतात. लांबट दिसले तर स्युडोमोनास या जंतूची शंका घ्यावी लागते. त्याच्यावर सेफालेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्ल ही नेहमीची अँटिबायोटिक मुळातच लागू पडत नाहीत, शिवाय तो चिकट थराआड दडून बसतो. तरीही याच गोळ्या अंदाजपंचे दिल्या जातात, कारण कल्चर करायला जवळ सोय नसते.

प्रत्येक कानाचं कल्चर करा, असं मी म्हणत नाही. पहिल्यांदाच झालेल्या साध्या संसर्गाला काचपट्टी पुरते. पण दुखणं उलटत असेल, लांबट जंतू दिसत असतील किंवा मध्यकर्णापर्यंत पोचलं असेल, तर कल्चर हवंच. कल्चरच्या अहवालात औषध चालेल की नाही हे ठरवणारे निकष रक्तातल्या औषधाच्या प्रमाणावर बेतलेले असतात आणि थेंबांतून कानात त्याच्या कितीतरी पट औषध पोचतं. म्हणून अहवालाचा अर्थ लावायचं प्रशिक्षणही पशुवैद्यकांना द्यावं.

हा प्रश्न फक्त कुत्र्यांचा नाही. कानाच्या औषधांतली फ्लुरोक्विनोलोन आणि पॉलिमिक्सिन ही अँटिबायोटिक जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत माणसांसाठी सर्वोच्च प्राधान्याची आहेत. आणि कुत्रा तर माणसांच्या घरात, त्यांच्या अंथरुणापाशी राहतो. प्रतिरोधाच्या, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानण्याच्या, सरकारी नोंदींत त्याच्या कानातले जंतूही यायला हवेत.

शेवटी, अँटिबायोटिक असलेले कानाचे थेंब चिठ्ठीशिवाय विकणं बंद करावं. कानाचा पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक घातलं तर कुत्रा कायमचा बहिरा होऊ शकतो, आणि पडदा शाबूत आहे का, हे दुकानात कोणी पाहत नाही.

आपली,
एक पशुवैद्यक